गुहागरची वाट

गेलीं दोन वर्षें आमच्या घरांत एक वाद चालू आहे. तो राजकारणाचा नाहीं, सोंवळ्याओंवळ्याचा नाहीं, आणि देवाच्या दयेनें वाटणीचाहि नाहीं. तो निव्वळ वाटेचा आहे. गाडी घेऊन परगांवीं जावयाचें ठरलें कीं आमचे काका कपाटांतून कापडावर चिकटविलेले जुने नकाशे काढतात, आणि आमचे चिरंजीव गाडीच्या पुढल्या कांचेजवळ मोबाईल अडकवितात. काका पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले, वय वर्षें शाहत्तर; चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, वय बावीस. एक म्हणतात, "वाट आधीं डोक्यांत यावी, मग चाकाखालीं." दुसरे म्हणतात, "काकाआजोबा, डोक्याला त्रास कशाला? यंत्र सांगेल तसें जाऊं." घरच्या स्त्रियांचें मत असें कीं दोघांनींहि वेळेवर निघावें, म्हणजे पुष्कळ झालें.

आम्ही स्वतः बराच काळ चिरंजिवांच्या पक्षाचे होतों. ज्या यंत्रानें मुंबईच्या अपरिचित उपनगरांतून आम्हांस लग्नघरीं मुहूर्तापूर्वीं पोंचविलें, त्याच्याशीं कृतघ्न होणें बरें नव्हे. परंतु गेल्या श्रावणांत गुहागरच्या वाटेवर जें घडलें, त्यानें या वादाकडे पाहण्याची आमची दृष्टि पालटली. वादाचा निकाल लावण्याचा अधिकार आमचा नाहीं. घडलें तें मात्र वाचकांपुढें ठेवावें, असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमच्या आत्याबाई म्हणजे काकांच्या वडील भगिनी. वय चौऱ्याऐंशी. आमचें मूळ घर गुहागरास खालच्या पाटांत होतें. पन्नास वर्षांपूर्वीं तें विकलें गेलें आणि सारें कुटुंब पुण्यांत स्थायिक झालें. कुलदैवत व्याडेश्वर तेवढे तेथें राहिले. श्रावणी सोमवारीं व्याडेश्वरावर एकदां अभिषेक व्हावा, आणि जमल्यास घराची जागा डोळ्यांनीं पाहावी, असें आत्याबाईंच्या मनांत दोन वर्षें घोळत होतें. "यंदा नाहीं तर मग नाहींच रे," असें त्या एके रात्रीं सहज बोलल्या, आणि त्या 'सहज' बोलण्यानेंच आम्हीं दिवस मुक्रर केला. शनिवारीं निघावें, रविवारीं विश्रांति, सोमवारीं अभिषेक, असा बेत ठरला. गाडींत चालविणारे चिरंजीव, त्यांच्या शेजारीं काका, मागें आत्याबाई, आमच्या मंडळी, अकरा वर्षांची धाकटी कन्या आणि आम्ही.

पहाटे निघण्याचा निश्चय प्रत्येक कुटुंबांत होतो आणि प्रत्येक कुटुंबांत मोडतो. आत्याबाईंची पूजा आणि नैवेद्य आटोपून आम्ही निघालों, तेव्हां अकरा वाजून गेले होते.

पुण्याहून साताऱ्याच्या हमरस्त्यानें निघालें कीं कापूरहोळपाशीं भोरचा फांटा फुटतो. काकांचा बेत सरळ साताऱ्यावरून उंब्रज, तेथून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटानें चिपळूण, असा होता. यंत्राचा बेत निराळा होता. तें म्हणत होतें कीं भोरवरून वरंधा घाट उतरावा, महाडला कोंकणच्या महामार्गास लागावें आणि दक्षिणेकडे वळावें. पाऊण तास वांचेल. काका एवढेंच म्हणाले, "पावसाळ्यांत वरंध्याचा भरंवसा नाहीं." चिरंजिवांनीं आमच्याकडे पाहिलें. पाऊण तासाच्या लोभानें आम्हीं गाडी भोरकडे वळविण्यास संमति दिली. हा निर्णय आमचा होता, यंत्राचा नव्हता, हें येथें प्रथमच नमूद करून ठेवणें न्यायाचें होईल.

भोर ओलांडल्यावर रस्ता नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनें जातो. श्रावणांतला तो प्रदेश ज्यांनीं पाहिला आहे त्यांस वर्णनाची गरज नाहीं. डोंगरांच्या माथ्यावर ढग टेकलेले, उतारावर भाताचीं खाचरें, आणि प्रत्येक वळणावर एकादी पांढरी धार खालीं उतरत असलेली. धाकटीनें विचारलें, "बाबा, हें कोणत्या नदीचें पाणी?" आम्हांस सांगतां येईना. मोबाईलच्या कांचेवर एक निळी रेघ आणि तिच्यावर सरकणारा एक बाण होता. त्यांत नदीचें नांव नव्हतें. काका म्हणाले, "नीरा. ही पुढें भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे हें पाणी पूर्वेच्या समुद्राला जाणार. आणि हा घाट उतरलीस कीं पलीकडे पडलेला पाऊस सावित्रींतून बाणकोटच्या खाडीला, पश्चिमेच्या समुद्राला. मध्यें अंतर फार तर एका डोंगराच्या धारेएवढें." मुलगी बराच वेळ मागें वळून पाण्याकडे पाहत होती. दोन तास गाडींत बसून आपण कोठें आहों याचें कुतूहल आमच्यापैकीं तिला एकटीलाच वाटलें होतें.

पुढें एका टपरीवर चहासाठीं थांबलों. टपरीवाल्या तरुणानें आमच्या गाडीकडे पाहून विचारलें, "कुठं निघाला साहेब? घाट बंद हाय परवापासनं. दरड आलीया." चिरंजिवांनीं मोबाईल पाहिला. यंत्र शांतपणें सांगत होतें, सरळ जा.

यंत्र खोटें कां बोललें, याचा विचार आम्हीं नंतर पुष्कळ केला. तें खोटें बोललें नव्हतें. त्यास कोणी सांगितलेंच नव्हतें. आकाशांतील उपग्रह फक्त आपण पृथ्वीच्या पाठीवर कोणत्या बिंदूवर आहों एवढेंच कळण्याची सोय करतात. तेथें रस्ता आहे कीं नाहीं, असल्यास चालू आहे कीं नाहीं, हें त्यांस ठाऊक नसतें. ती माहिती दुसऱ्या वाटेनें, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या इतरांच्या मोबाईलवरून आणि कोणी मुद्दाम कळविलें तर त्यावरून, यंत्रास मिळते. जेथें गाड्यांची दाटी आहे तेथें ती बातमी मिनिटांत पोंचते. जेथें दिवसांतून मोजक्या गाड्या जातात तेथें ती दोन दिवसहि पोंचत नाहीं. टपरीवाल्यास मात्र ती परवाच पोंचली होती.

आमचा त्या दिवशीं वेळच काय तो गेला; परंतु इतरांचें याहून फार अधिक गेलें आहे. जानेवारी २०२१ मध्यें पुण्याहून कळसूबाईकडे निघालेल्या तिघां प्रवाशांची गाडी अकोले तालुक्यांत रात्रीच्या अंधारांत यंत्रानें दाखविलेल्या वाटेनें एका पुलावर गेली. तो पूल धरणाच्या फुगवट्याखालीं बुडालेला होता. दोघे वांचले, एक दगावला. नोव्हेंबर २०२४ मध्यें उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ अशाच वाटेनें जाणारी गाडी रामगंगेवरील तुटक्या पुलाच्या टोकावरून खालीं कोसळली आणि तिघांचा अंत झाला. यांत यंत्राचा दोष किती, अडथळा न उभारणाऱ्यांचा किती, याची वाटणी आम्ही करीत नाहीं. परंतु डोळ्यांपुढें अंधार आणि कानांत "सरळ जा" असा ठाम स्वर असतां आपण कोणावर विश्वास ठेवतों, हें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें.

टपरीच्या बांकावर काकांनीं नकाशा पसरला. तो एक नव्हता, दोन होते. इंचास चार मैल या प्रमाणाच्या या नकाशांचें प्रत्येक पत्रक एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश एवढा प्रदेश दाखवितें. अठराव्या अक्षांशाची रेघ बरोबर दोन पत्रकांच्या सांध्यावर येते. त्यामुळें भोर वरच्या ४७ एफ पत्रकांत आणि वाई खालच्या ४७ जी पत्रकांत. काकांनीं दोन्ही कडा जुळवून धरल्या, धाकटीनें चहाच्या पेल्यांचीं वजनें ठेविलीं, आणि आम्ही सारे त्या बांकाभोंवतीं उभे राहिलों. मुंबई-बंगळूर हमरस्ता, सह्याद्रीची धार आणि तिला छेदणारे घाट हें सर्व एका दृष्टिक्षेपांत दिसूं लागलें. वरंधा बंद तर खालीं आंबेनळी, त्याखालीं कुंभार्ली. आंबेनळीहि पावसांत वरंध्याचाच भाऊ. तेव्हां भोरला परतावें, मांढरदेवीच्या डोंगरावरून आंबाडखिंडीनें वाईस उतरावें, पाचवडपाशीं हमरस्ता गांठावा आणि काकांचा मूळचा बेत पुरा करावा, असें ठरलें. टपरीवाल्यास विचारलें, तो म्हणाला, "खिंड चालू हाय, सकाळीच येष्टी गेली." नकाशानें वाट सुचविली आणि माणसानें तिची खात्री दिली.

नकाशा नव्हता तेव्हां आपले पूर्वज याच रीतीनें फिरत असत. विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास वरसईहून उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि बंडाच्या धामधुमींतून परत आले, ते प्रत्येक मुक्कामावर पुढच्या मुक्कामाची चौकशी करीत. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें काय आहे हें पुढून आलेल्या माणसास विचारावें, ही रीत नकाशाहूनहि जुनी आहे, आणि तिला आम्ही मात्र त्या दिवशीं केवळ चहाच्या तलफेमुळें भेटलों.

वाईच्या वाटेवर चिरंजीव थोडे हिरमुसले होते. काकांनीं विषय काढला, "अरे, तुझें यंत्र चालतें कसें, तें तरी मला सांग." मुलाचा चेहरा उजळला. त्यानें सांगितलें तें असें: पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर चोवीस किंवा त्याहून अधिक उपग्रह फिरत असतात. प्रत्येकावर अणुघड्याळ असतें. प्रत्येक उपग्रह 'मी अमुक जागीं, अमुक क्षणीं आहें' असा संदेश सतत पाठवितो. संदेश येण्यास किती वेळ लागला त्यावरून उपग्रहाचें अंतर निघतें, आणि चार उपग्रहांचीं अंतरें जुळविलीं कीं आपलें स्थान निघतें. संदेश प्रकाशाच्या वेगानें येत असल्यामुळें सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाची चूक झाली, तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक पडते. अमेरिकेच्या सैन्यानें आपल्यासाठीं ही योजना केली. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्यें सुटला. सामान्य लोकांस मिळणारा संदेश मुद्दाम अस्पष्ट ठेवला जाई, ती अट मे २००० मध्यें उठली. भारतानेंहि आपल्या नाविक योजनेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडला.

काकांनीं मनापासून मान डोलावली. मग म्हणाले, "आतां माझ्या नकाशाची गोष्ट ऐक. १८०२ सालीं लॅम्ब्टन नांवाच्या साहेबानें मद्रासेजवळ जमिनीवर एक रेघ सांखळीनें मोजली. तेवढी एकच रेघ प्रत्यक्ष मोजून तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घेतले, कीं त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानें निघतात. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. असे त्रिकोण रचीत ती मंडळी हिमालयापर्यंत गेली. कोन मोजण्याचें मोठें यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें. तें डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवीत. त्यांनीं कोन मोजले, तुझें यंत्र काळ मोजतें. भूमिति दोघांची एकच. पण त्रिकोण पुरे झाल्यावर माणसांस एक काम उरलें. गांवोगांव पायीं हिंडून, ही टेकडी कोणती, हा ओढा कोणता, ही वाडी कोणाची, असें विचारून एकेक नांव लिहावें लागलें. नांव वरून दिसत नाहीं रे. तें खालीं येऊन विचारावेंच लागतें."

नकाशाचा कैवार घेतला म्हणून त्याचे दोष लपविणें योग्य नव्हे. पाटणच्या अलीकडे दिवस मावळतांना धाकटीनें ४७ जी पत्रकावर बोट ठेवून विचारलें, "काकाआजोबा, कोयनेचें धरण कोठें आहे?" तें नव्हतेंच. काकांचा नकाशा धरणापूर्वींच्या सर्वेक्षणावरून काढलेला. त्यांत कोयना महाबळेश्वराहून दक्षिणेस उतरणारी एक बारीक रेघ होती आणि दोन्ही तीरांवर गांवांचे ठिपके होते. आज तेथें शिवसागराचें पाणी पसरलें आहे. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हा नकाशा धरून आतां कोणी गेला तर तलावांत जाईल." अकोल्याच्या त्या पुलाची आठवण आम्हां सर्वांस एकदमच झाली असावी, कारण कोणी कांहीं बोललें नाहीं. कागद जुना होतो तें आपणांस दिसतें, त्याच्या घड्या फाटतात. यंत्राची माहिती जुनी झाली तरी त्याचा स्वर मात्र ताजाच राहतो. दोहोंत एवढाच काय तो फरक.

साताऱ्यासच मुक्काम करावा, असें काकांनीं सुचविलें होतें. आत्याबाई म्हणाल्या, "माझी काळजी नको, पुढें चला." आम्हीं त्यांचें ऐकलें. ही आमची त्या दिवशींची दुसरी चूक.

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलों तेव्हां आठ वाजले होते. धुकें असें उतरलें होतें कीं गाडीचे दिवे दहा पावलांवर मावळत. मोबाईलची रेंज गेली. बाण सरकत होता, पण त्याखालचें चित्र पुसलें गेलें होतें. कोऱ्या पटावर एक ठिपका. चिरंजिवांनीं पुढें सांगितलें कीं उपग्रहांचा संदेश रेंजवांचूनहि येतो, रस्त्यांचें चित्र मात्र तारांवांचून येणाऱ्या जोडणीनें येतें, आणि तें आधींच मोबाईलमध्यें उतरवून ठेवण्याची सोय असते. ती त्यांनीं केली नव्हती. काका टॉर्चच्या उजेडांत नकाशा धरून पुढचें सांगत होते. घाट पश्चिमेकडे उतरेल, मग पोफळी, मग डाव्याउजव्या फांट्यांकडे न पाहतां वाशिष्ठीच्या खोऱ्यानें खालीं. त्यांचा स्वर इतका सावकाश होता कीं मुलाच्या हातांचा ताठरपणा कमी झाल्याचें आम्हांस मागून दिसलें.

पोफळी मागें पडल्यावर आमच्या मंडळींनीं हळूच सांगितलें, "आत्यांना धाप लागली आहे." दिवा लावून पाहिलें. आत्याबाईंचे ओंठ काळसर दिसत होते आणि त्यांना पाठ टेकवून बसवेना. त्यांच्या हृदयाचें दुखणें जुनें. मागाहून कळलें तें असें: वाटेंत वारंवार उतरावें लागूं नये म्हणून अंगांतील पाणी काढणारी सकाळची गोळी त्यांनीं मुद्दामच घेतली नव्हती. (घरोघरच्या वडील स्त्रिया प्रवासाच्या दिवशीं असेंच करतात, असें डॉक्टरांनीं सांगितलें. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें.)

काकांचा नकाशा चिपळूण म्हणून एक काळा डाग दाखवीत होता. त्या डागांत कोणत्या आळींत रात्रीं डॉक्टर भेटेल, हें कोणत्याहि छापील कागदावर नसतें. रस्त्यावर विचारावयास माणूस नव्हतें. तोंच रेंज परत आली. काकांनीं नकाशा मिटला आणि मुलास म्हणाले, "आतां तुझें यंत्र बोलूं दे." यंत्र बोललें. चौदा मिनिटांत, पावसानें ओस पडलेल्या अनोळखी गल्ल्यांतून, एकाहि ठिकाणीं न चुकतां त्यानें आम्हांस एका रुग्णालयाच्या दारीं उभें केलें. फुप्फुसांत पाणी सांचूं लागलें होतें. फार उशीर केला नाहींत हें बरें झालें, असें तेथील डॉक्टर म्हणाले.

रात्रभर रुग्णालयाच्या बांकावर बसून आम्हीं जो विचार केला तो थोडक्यांत असा. कोठें वळावें हें एक ज्ञान आहे आणि आपण कोठें आहों हें दुसरें. यंत्र पहिलें ज्ञान देतें आणि इतक्या उत्तम रीतीनें देतें कीं दुसऱ्याची उणीव आपणांस जाणवतच नाहीं. लंडन शहरांत टॅक्सी चालविण्याचा परवाना मिळण्यासाठीं सुमारें २५,००० रस्ते मुखोद्गत करावे लागतात. अशा चालकांच्या मेंदूंत स्थळांची स्मृति राखणाऱ्या भागाची मागील बाजू इतरांहून मोठी असते, असें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. लंडनमध्येंच झालेल्या २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासांत असें दिसलें, कीं माणसें स्वतः वाट शोधतात तेव्हां तो भाग जागा होतो आणि यंत्राच्या सांगण्यानें वळतात तेव्हां तो स्वस्थ असतो. म्हणजे यंत्र आपणांस त्या वळणापुरतें शहाणें करतें आणि शहाणपणा आपल्याबरोबर घेऊन जातें. अपरात्रीं डॉक्टर शोधण्यास त्यासारखा सोबती नाहीं. पण आपल्या कुलदैवताची वाट, जी आपल्या मुलांनीं पुढें आपल्यावांचून चालावयाची, ती त्याच्या एकट्याच्या हवालीं करावी काय?

सोमवार रुग्णालयांत गेला. आत्याबाईंच्या आग्रहावरून काका एस.टी.नें पुढें गेले आणि व्याडेश्वरावर अभिषेक करून तीर्थ घेऊन परत आले. मंगळवारीं डॉक्टरांनीं परवानगी दिली. बुधवारीं आम्ही सारे गुहागरास पोंचलों. देवदर्शन झालें. मग आत्याबाई म्हणाल्या, "आतां घराची जागा."

चिरंजिवांनीं मोबाईल काढला. त्यांत गुहागरचा समुद्र होता, देवालय होतें, बाजार होता, खाणावळी होत्या. आमचें घर असण्याचें कारण नव्हतें. काकांनीं नकाशा काढला. त्यांत गुहागर नखाएवढें. काकांनीं तें घर सोडलें तेव्हां ते शिक्षणासाठीं पुण्यास राहत होते. त्यांसहि नक्की खूण सांगतां येईना. आत्याबाई हंसल्या. "तुमचीं दोघांचीं यंत्रें ठेवा आंत. गाडी हळू चालवा," म्हणाल्या, आणि कांच खालीं करून बाहेर पाहूं लागल्या. खालच्या पाटाच्या लांब रस्त्यानें, दोन्ही बाजूंच्या नारळीपोफळींच्या वाड्यांमधून गाडी निघाली. "ही मधली पाणंद. येथून पूर्वीं समुद्रावर जात असूं. हा जांभ्याचा गडगा गोखल्यांचा असावा, नाहीं, तो पुढचा. येथें रहाटाची विहीर. अग बाई, बुजविली वाटतें! मग हा फणस पाहा, म्हणजे खळें येथें, आणि ओटी येथें." गाडी थांबली. समोर एक नवें, दुमजली, गुलाबी रंगाचें घर होतें. त्यांत राहणाऱ्या बाईंनीं आम्हांस आंत बोलावून कोकमाचें सरबत दिलें. आत्याबाई फणसाच्या बुंध्याला हात लावून कांहीं वेळ उभ्या होत्या.

परत गाडींत बसल्यावर धाकटीनें आपली वही उघडली आणि विचारलें, "आत्याआजी, पुन्हां सांग. पाणंदीनंतर काय?" त्या दिवशीं संध्याकाळीं आणि पुण्यास आल्यावर पुष्कळ संध्याकाळीं आत्याबाई सांगत गेल्या आणि मुलगी काढीत गेली. मधली पाणंद, विहीर, फणस, कोणाची वाडी कोणती, पूर आला तेव्हां पाणी कोठवर चढलें, कोणत्या घरच्या सुना कोणत्या गांवच्या. काकांनीं उत्तरेची खूण करून दिली आणि अंतरें पावलांत मोजून लिहावयास सांगितलीं. चिरंजिवांनीं त्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलवरून पाहून कागदाच्या कोपऱ्यांत लिहिले. आमच्या घरांतल्या दोन पक्षांची एका कागदावर सही झाली ती पहिल्यानेंच.

माघांत आत्याबाई गेल्या. दुखणें तेंच होतें. त्या कागदावरील बावीस नांवांपैकीं किती नांवें आज आणखी कोणास ठाऊक असतील, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

सुज्ञ वाचकांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु आमच्या घरीं आतां जो क्रम पाळला जातो तो येथें देतों. निघण्याच्या आदल्या रात्रीं जेवणें झाल्यावर नकाशा पसरून मुलांनीं वाट बोटानें चालून दाखवावी; वाटेंत कोणत्या नद्या, कोणता घाट, घाट बंद असल्यास दुसरा कोणता, हें त्यांनींच सांगावें. यंत्रांत त्या प्रदेशाचें चित्र घरूनच उतरवून ठेवावें. घाटाच्या अलीकडच्या शेवटच्या टपरीवर चहा घ्यावा, तलफ असो वा नसो. वडील मंडळींच्या गोळ्या सकाळीं त्यांनीं घेतल्या कीं नाहीं तें विचारावें. आणि ज्या घरांत मूळ गांव पाहिलेलें एकादें माणूस अजून आहे, त्या घरीं या श्रावणाची वाट न पाहतां एक वही आणि पेन्सिल घेऊन त्याच्यापाशीं बसावें.